बेटावर ईव्ही मागवली: गाडी झकास, ‘दारात डिलिव्हरी’ला पाचपैकी दोन स्टार

गाडी येऊन दीड महिना झाला, आता डोकं थंड झालंय म्हणून लिहितोय. गाडीला नावं ठेवायला जागा नाही. हा रिव्ह्यू डिलिव्हरीचा आहे, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

बुकिंग करताना स्क्रीनवर चक्क ‘दारात डिलिव्हरी’ असं लिहिलेलं. आमचं दार बेटावर, फेरीबोट आठवड्यातून दोनदा आणि तीही समुद्राची मर्जी असली तर. फोन करून विचारलं तर हो सर, तुमच्या पत्त्यावरच येणार. प्रत्यक्षात ट्रकने गाडी पलीकडच्या धक्क्यावर उतरवली आणि ड्रायव्हर पावती पुढे करून म्हणतो सही करा. म्हणजे पाण्यात काही झालं तर निस्तरायचं मी! नाही केली सही. तासभर फोनाफोनी झाल्यावर एजन्सीचा पोरगा माझ्यासोबत बोटीवर चढला. तेव्हा सही कुठे होणार आणि बोटीवर असताना विमा कोणाचा, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

फेरीबोटवाल्यांची अट होती की बॅटरी निम्म्याच्या खाली हवी, बोटीवर चार्जिंग नाही. मला तरी त्यात काही गैर वाटलं नाही, नॉर्वेच्या हाविला या जहाज कंपनीने तर २०२३ मध्ये आपल्या किनारी जहाजांवर इलेक्ट्रिक गाड्या घेणंच बंद केलं, समुद्रात आग लागली तर विझवणार कशी म्हणून. आमच्या फेरीबोटवाल्यांनी निदान घेतली तरी.

खरा तमाशा उतरताना झाला. पोरगा बोटीवर दोन तास गाडीत बसून गाणी ऐकत होता, गाडी ‘रेडी’वर (म्हणजे चालवायला तयार, तेव्हा मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते) न टाकता, नुसती स्क्रीन चालू ठेवून. त्याआधी तीन आठवडे ती यार्डात उभी, उभ्या गाडीची बॅटरी कमी खर्च व्हावी म्हणून असलेला ट्रान्सपोर्ट मोड कोणी लावलाच नव्हता. धक्का आला, रॅम्प पडला, आणि गाडी ठप्प! मोठ्या बॅटरीत ४६ टक्के चार्ज, पण १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली की मोठीचा कनेक्शन जोडणारा स्विचच लागत नाही, म्हणजे पेट्रोल गाडीसारखाच मामला. वर हँडब्रेक इलेक्ट्रिक, तो सुटेना, न्यूट्रल पडेना, म्हणून ढकलताही येईना. मागे गॅस सिलेंडरचा टेम्पो अडकलेला, ओहोटी सुरू झालेली, रॅम्पचा उतार दर मिनिटाला वाढतोय आणि खलाशी माझ्याकडे असे बघतायत की मीच गुन्हेगार. हेल्पलाइनचा सल्ला काय, तर गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला आणा. अहो, आणू कशी?

शेवटी शेजारच्या मासेमारी बोटीवरचे एक काका बॅटरी आणि केबल घेऊन आले. आधी लेबल वाचलं, कारण काही बोटींना २४ व्होल्टची सिस्टिम असते आणि ती जोडली असती तर इलेक्ट्रॉनिक्सचा धूर निघाला असता. १२ची निघाली. बॉनेट उघडून केबल लावल्या, मिनिटभरात ‘रेडी’चा दिवा लागला आणि टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. पण तोवर उतार इतका झाला होता की रॅम्पच्या टोकाला पोटाखाली खर्रर्र असा आवाज आला. बॅटरी पोटातच असते, त्यामुळे माझाच श्वास अडकला. नंतर झोपून टॉर्चने पाहिलं, बाहेरच्या प्लास्टिक कव्हरवर फक्त वीतभर ओरखडा. फोटो काढून तो पावतीवर लिहायला लावला आणि मगच सही केली. घरी येऊन खालून गोड्या पाण्याने धुतली, बॅटरीला आयपी६७ रेटिंग आहे म्हणजे पाणी आत शिरत नाही, पण खाऱ्या पाण्याने बाहेरचा नटबोल्ट गंजायचा तो गंजतोच.

चार्जिंगचं पण ऐका. पोर्टेबल चार्जर लावला तर लाल दिवा, अर्थिंग फॉल्ट. आमची जमीन वाळूची, कोरडी वाळू अर्थिंगला बेकार. वायरमनने दुसरा रॉड ओल्या जागी खोल ठोकला तेव्हा दिवा हिरवा झाला. १० अँपिअरवर सव्वादोन किलोवॅट मिळतात, ४० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर जवळपास १८ तास, चार्जिंगमधला लॉस धरला तर आणखी जास्त. पण बेटाचा रस्ता टोकापासून टोकापर्यंत जेमतेम २२ किलोमीटर, रिकामी करायची म्हटलं तरी होत नाही! पूर्वी पेट्रोलचं पिंप बोटीने यायचं आणि हवामान बिघडलं की सगळे सायकलवर, ते दिवस गेले याचाच जास्त आनंद आहे.

स्टेपनी मिळत नाही, फक्त पंक्चर किट. टायर कडेने फाटला तर ते किट शोभेपुरतं, म्हणून एक टायर वेगळा मागवलाय. पहिल्या सर्व्हिसला टेक्निशियन इकडेच पाठवणार असं कबूल करून घेतलंय, तो पुढच्या फेरीने टायर घेऊन येतोय. येताना जंपर केबल आण असं दोनदा बजावलंय, काकांची त्यांना परत करायचीय.