बार्नेकलला बसू न देणारा रंग: सेलेक्टोपविषयी अभिप्राय

मुंबई बंदरात आमची एक छोटी वर्कबोट आहे. काम असेल तेव्हा ती आठवडाभर धावते, नसेल तेव्हा तीन-तीन आठवडे नांगरावर उभी राहते, आणि उभ्या बोटीच्या बुडाला बार्नेकल (घट्ट चिकटून राहणारे कवचाचे छोटे सागरी प्राणी) जितक्या लवकर धरतात तितके चालत्या बोटीला धरत नाहीत. म्हणून मागच्या ड्रायडॉकच्या वेळी, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा, डाव्या अंगाला नेहमीचा तांब्याचा अँटिफाउलिंग (बुडावर जीव वाढू न देणारा) रंग आणि उजव्या अंगाला तांबे कमी करून सेलेक्टोप मिसळलेला रंग लावून पाहिला. 14 महिन्यांनी बोट वर काढली, तेव्हा जे दिसले त्यावरून हे लिहीत आहे.

सेलेक्टोप हे स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या आय-टेक कंपनीचे उत्पादन. ते सुट्या डब्यात आपल्याला मिळत नाही. रंग बनवणाऱ्या कंपन्या ते विकत घेऊन आपल्या रंगात घालतात. त्यातील रसायन मेडेटोमिडिन, म्हणजे पशुवैद्य कुत्र्यामांजरांना गुंगी आणण्यासाठी टोचतात तेच. गंमत अशी की कुत्र्याला झोपवणारे हे औषध बार्नेकलच्या अळीला मात्र स्वस्थ बसू देत नाही. चिकटायला जागा शोधत बुडापाशी आलेल्या अळीच्या शरीरातले ऑक्टोपामीन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) त्यामुळे उद्दीपित होतात, ती पाय झाडत पोहत राहते आणि तिला बूड टेकताच येत नाही; रंगापासून दूर गेली की परिणाम ओसरतो आणि अळी जिवंत राहते. तांबे मारते, हे हुसकावते. मात्राही नगण्य आहे: लिटरभर रंगाला सुमारे 2 ग्रॅम पुरते, तर तांब्याच्या रंगात लिटरमागे 500 ते 700 ग्रॅम क्युप्रस ऑक्साइड असते.

डाव्या अंगाला पाणरेषेखाली बार्नेकलचे दाट पट्टे होते. खरवडणीने कवच निघाले तरी प्रत्येकाच्या जागी पांढरी चकती रंगाला घट्ट चिकटून राहिली आणि ती काढताना खालचा प्रायमरही सोलून आला. उजव्या अंगाला सपाट भागावर बार्नेकल जवळजवळ नव्हते. जे होते ते किलच्या ठोकळ्यांच्या जागी, म्हणजे ड्रायडॉकमध्ये बोट ज्यांवर टेकते तेथे, कारण ठोकळे हलवून तेथे दुसरा हात मारण्याचे ठेकेदाराने टाळले होते आणि आमच्या माणसानेही ते तपासले नव्हते. ही चूक रंगाची नव्हे.

मात्र बुळबुळीत थर दोन्हीकडे सारखाच होता, आणि उजेड पोहोचतो त्या पाणरेषेवर हिरवे शेवाळ उजवीकडे थोडे अधिकच वाढले होते. सेलेक्टोप हा कठीण कवचाच्या प्राण्यांवरचा उपाय आहे. शेवाळासाठी रंगात दुसरे जैवनाशक लागतेच, आणि विक्रेता ही गोष्ट आपणहून सांगेलच असे नाही. रंग घेण्यापूर्वी डेटाशीटमध्ये सोबत झिंक पायरिथिऑन आहे की कॉपर पायरिथिऑन, आणि किती, हे पाहावे. संपूर्ण तांबेविरहित रंगही निघाले आहेत, पण आमच्या बोटीसाठी मी तेवढे धाडस केले नाही.

पर्यावरणपूरक या शब्दाबद्दल माझे मत थोडे सावध आहे. एकेकाळी सर्वोत्तम मानल्या गेलेल्या टीबीटी (ट्रायब्युटिल टिन) या अँटिफाउलिंग रसायनाने शंखगोगलगाईंच्या माद्यांमध्ये नराचे अवयव उगवले, फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांचा धंदा बसवला, आणि त्यावर जागतिक बंदी अमलात यायला सप्टेंबर 2008 उजाडले. त्या तुलनेत पाण्यात जाणारे द्रव्य इतके घटणे ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण युरोपीय संघाने मेडेटोमिडिनला जानेवारी 2016 पासून मान्यता दिली ती 7 वर्षांपुरती, आणि पर्याय सापडल्यास बदलण्याजोग्या द्रव्यांत गणून. कारण ते निसर्गात फार काळ टिकते आणि विषारीही आहे. तेव्हा डब्यावरचे हिरवे पान पाहून खरवडलेला रंग गोदीच्या फरशीवरून पाण्यात ढकलायचा नाही. तो गोळा करून रीतसर घातक कचऱ्यातच गेला पाहिजे.

किंमत तांब्याच्या रंगापेक्षा जास्त पडली. सतत धावणाऱ्या बोटीसाठी मी हा खर्च सुचवणार नाही, पण वर्षातले निम्मे दिवस नांगरावर काढणाऱ्या बोटीला, तेही आपल्या उबदार पाण्यात, तो परवडतो. पुढच्या खेपेला दोन्ही अंगांना आणि सी-चेस्टच्या (इंजिन थंड करायला समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या बुडातल्या कप्प्याच्या) जाळीच्या आतही हाच रंग लावणार आहे, कारण मागच्या उन्हाळ्यात इंजिन तापले होते ते त्या जाळीत वाढलेल्या बार्नेकलमुळे.