बडोद्यात डबल मेजर: २४ जादा क्रेडिटांचा हिशेब

डबल मेजर म्हणजे एकाच पदवीत दोन मुख्य विषय (मेजर). त्याचं गणित मेजरच्या विषयांत क्वचितच चुकतं. ते चुकतं ३६ क्रेडिटांच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) सामान्य पेपरांच्या गाठोड्यात, आणि त्याकडे प्रवेशाच्या घाईत कुणी बघत नाही. म्हणून या सोयीचं परीक्षण तिथूनच करायला हवं.

विद्यापीठ अनुदान आयोगानं (युजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट दिली, तिच्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची आहे. मेजरला ६०, मायनरला (दुय्यम विषयाला) २४, बहुविद्याशाखीय पेपरांना ९, भाषेला ८, कौशल्याला ९, मूल्यवर्धनाला ६ आणि इंटर्नशिपला ४ धरले की बरोबर १२० होतात. मेजर आणि मायनर सोडून उरलेले ३६ हेच ते सामान्य पेपरांचं गाठोडं. दुसरा विषयही मेजर म्हणून पदवीत हवा असेल, तर एकूण क्रेडिटांच्या किमान ४० टक्के, म्हणजे ४८ क्रेडिट त्या विषयात मिळवावे लागतात. मायनरचे २४ त्यात धरता येतात, उरलेले २४ वरचे. ६० अधिक ४८ अधिक ३६, म्हणजे १४४. सहा सेमिस्टरांत वाटले तर दर सेमिस्टरला २० ऐवजी २४ क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटांचा एक जादा पेपर.

एक पेपर ऐकायला काहीच वाटत नाही. पण तासांत मोजा. लेक्चरचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. २४ पैकी ६ क्रेडिट प्रॅक्टिकलचे असले, तर पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला १८ तास लेक्चर आणि १२ तास लॅब, एकूण ३० तास. जर्नल लिहिणं, त्यावर सही घेणं, इंटर्नलची तयारी हे सगळं त्यावर. प्रयोगशाळेचे दोन विषय एकत्र घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही कितीही आवडत असले तरी एक मेजर, एक मायनर ठेवावा.

चौथं वर्ष घेतलं की भार हलका होतो, हा समजही तपासून घ्या. चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटांची. तिथे मेजर ८०, दुसरं मेजर ६४, सामान्य गाठोडं तेच ३६ आणि संशोधन प्रकल्पाचे किंवा त्याऐवजी घ्यायच्या पेपरांचे १२. बेरीज १९२. जादा ३२ क्रेडिट आठ सेमिस्टरांत, म्हणजे पुन्हा दर सेमिस्टरला चारच. फायदा एवढाच की चौथ्या वर्षापर्यंत सामान्य पेपर संपलेले असतात आणि टाइमटेबल मोकळं होतं. संशोधनासह ऑनर्स, म्हणजे चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करून मिळणारी पदवी, हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. डबल मेजरच्या भारात टक्केवारी आधी घसरते, हे लक्षात ठेवूनच तो मार्ग धरावा.

हे सामान्य पेपरच दुसऱ्या मेजरमध्ये मोजून घेऊ, अशी युक्ती पुष्कळांना सुचते. ती चालत नाही. बहुविद्याशाखीय गटात, बारावीला शिकलेला विषय मेजर किंवा मायनरच्या प्रवाहातला असेल, तर तो परत घेता येत नाही. आणि प्रत्येक पेपर ज्या गटात नोंदला, त्याच गटात मोजला जातो. म्हणून दर मार्कशीटवर नावापुढचा गट वाचायची सवय लावा. संख्याशास्त्राचा पेपर कौशल्याच्या रकान्यात गेला, तर ४८ मधले तेवढे कमी, आणि हे सहाव्या सेमिस्टरला कळलं तर वेळ उरत नाही. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेल्या क्रेडिटांच्या ऑनलाइन नोंदीचं, खातं डिजिलॉकरमधून उघडतं. तिथली नोंद आणि हातातली मार्कशीट दर सेमिस्टरला जुळवून बघा.

आता बडोद्याचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात विषय फॅकल्टींत विभागलेले आहेत. अर्थशास्त्र आर्ट्सला, संख्याशास्त्र सायन्सला, मानसशास्त्र एज्युकेशन अँड सायकॉलॉजीला. आर्ट्स आणि सायन्स दोन्ही सयाजीगंजच्या बाजूला, चालत जाता येतं. कलाभवनच्या टेक्नॉलॉजीतून दुपारी आर्ट्सचं लेक्चर गाठणं ही वेगळी गोष्ट. त्याहून मोठी अडचण टाइमटेबलची. समजा, मंगळवारी ११ ते १ अर्थशास्त्राचं लेक्चर आहे आणि त्याच दिवशी ११ ते २ संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल. दोन्हीकडे हजेरी लागते, दोन्हीकडे वेगळे सर. इथे आवड उपयोगाची नाही, दोन्ही टाइमटेबल एका कागदावर शेजारी शेजारी लिहूनच ठरवावं लागतं. फॉर्म भरण्याआधी मागच्या वर्षाची दोन्ही टाइमटेबल मिळवा आणि परीक्षेच्या तारखाही जुळवा. फॅकल्टीच्या ऑफिसात दोन गोष्टी लेखी विचारा: एका सेमिस्टरला जास्तीत जास्त किती क्रेडिट नोंदता येतात, आणि पदवीपत्रावर दोन्ही विषय कसे छापले जातील.

अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र ही जोडी, टाइमटेबल जमलं तर, उत्तम. एकातलं गणित दुसऱ्यात कामी येतं आणि अभ्यासाचे तास खरोखर वाचतात. मराठी घरांतल्या मुलांसाठी इतिहास आणि मराठी ही जोडी आम्हाला फार मोलाची वाटते. दोन्ही आर्ट्सलाच, लॅब नाही, आणि गायकवाडी काळातले मोडी कागद याच शहरात आहेत. मोडी वाचता येणारा पदवीधर दोन्ही विषयांत उभा राहू शकतो. फाइन आर्ट्सवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. स्टुडिओचं काम दिवसभराचं असतं.

लेक्चरं एकमेकांवर आपटत असतील तर स्वयमचा (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलचा) पेपर हा चांगला आधार आहे, पण त्यात एक खाच आहे. स्वयमवर आयआयटींचे कोर्स देणाऱ्या एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटांचा, तुमचा पेपर ४ चा. उरलेल्या एका क्रेडिटासाठी ४ आठवड्यांचा आणखी एक कोर्स शोधावा लागतो, आणि दोन्हींना विभागाची मंजुरी सेमिस्टर सुरू होतानाच घ्यावी लागते. नुसती परीक्षा देऊन भागत नाही: असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ पैकी किमान ३० दोन्ही लागतात.

काही पालक म्हणतात, त्यापेक्षा दोन पदव्याच करू दे. एप्रिल २०२२ पासून युजीसीनं तशी मुभा दिली आहे: एक नियमित, दुसरी दूरस्थ; किंवा दोन्ही नियमित, पण मग त्यांच्या वेळा एकमेकांवर आपटायला नकोत. पण मग सामान्य पेपरांचं गाठोडं दोनदा उचलावं लागतं. १२० आणि १२० मिळून २४० क्रेडिट, डबल मेजरचे १४४. शिवाय दूरस्थ पदवी देणाऱ्या इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, त्या विद्यापीठाच्या परीक्षांना लागून येतात. दोन वेगळी प्रमाणपत्रं खरंच हवी असतील तरच हा मार्ग.

आमच्याकडून डबल मेजरला पाचपैकी साडेतीन. जोडी एकाच फॅकल्टीतली असेल तर चार.

सुरुवात करताना दुसऱ्या विषयाचे दर सेमिस्टरला ८ क्रेडिट अशी गती ठेवा. तिसऱ्या सेमिस्टरअखेर २४ होतात, आणि मायनरलाही नेमके तेवढेच लागतात. तोवर एटीकेटी लागली असेल (नापास पेपर मागे राहिला असेल) किंवा तब्येत साथ देत नसेल, तर तिथे थांबून तो विषय मायनर म्हणून ठेवा. केलेलं काहीच वाया जात नाही, आणि पुढच्या तीन सेमिस्टरांत दर सेमिस्टरला १६ क्रेडिटच उरतात.