गावच्या घरी मोबाइलला जोड काय ठेवावी? पर्यायांचा तुलनात्मक आढावा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावांची वीज आणि फोन एकाच दिवशी गेले. टाळेबंदी चालू, मुंबईतून निघणं मुश्कील, आणि गावचा एकही नंबर लागेना. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हाही तीच गत. आई-वडील माळ्यावर नाहीतर गच्चीवर, आणि इकडे मुलं ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती…’ ऐकत बसलेली.

म्हणून हा आढावा त्यांच्यासाठी, ज्यांच्या कोकणातल्या घरात दोन वयस्कर माणसं राहतात, लँडलाइन कधीच काढून टाकलेली आहे, आणि सगळा भरवसा एका स्मार्टफोनवर आहे. पावसाआधी थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल तर ते कशावर करावेत, हा प्रश्न आहे.

आधी फोन मरतो कसा ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. एक तर चार्जिंग संपतं. दुसरं, टॉवर बंद पडतो: टॉवरला बॅटरी असते ती काही तासांची, मग जनरेटर, आणि घाट बंद झाला की त्याला डिझेल पोहोचत नाही. कधी टॉवर चालू असतो, पण त्याला जोडणारी फायबर केबल झाड पडून तुटलेली असते. फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि कॉल मात्र जात नाही. तिसरं मरण आपण विसरतो. फोन पाण्यात पडला किंवा हरवला, की नंबर, पैसे, औषधांच्या चिठ्ठीचा फोटो सगळं एकदम जातं. या तिन्हींवर चालेल अशी एकही वस्तू बाजारात मिळत नाही. विकणारा तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसरं सिम की फायबरचा फोन?

बहुतेकांचा पहिला विचार दुसऱ्या कंपनीच्या सिमचा असतो, आणि तो बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे. आपल्याकडे एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. एअरटेल आणि व्हीआय अनेक ठिकाणी इंडस टॉवर्स या टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या एकाच खांबावर असतात. मग सिम दोन झाली तरी बॅटरी आणि डिझेल एकच. गेली तर दोन्ही एकदम जाणार. म्हणून सिम घेण्याआधी गावात कुठला टॉवर कोणाचा आहे ते बघा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात. त्याहून सोपं म्हणजे गावातल्या रिचार्जवाल्याला विचारायचं, ‘मागच्या वादळात कोणाची रेंज शेवटपर्यंत होती?’ जाहिरातींपेक्षा त्याचं उत्तर खरं असतं. टॉवर वेगळ्या टेकडीवर असेल तर जी कंपनी शहरात कुणी घेत नाही तिचं सिमही इथे कामाचं.

हे दुसरं सिम स्मार्टफोनच्या दुसऱ्या खाचेत घालू नका. दीड-दोन हजारांचा बटणांचा साधा फोन घ्या आणि त्यात घाला. त्याची बॅटरी नुसती ठेवली तर काही दिवस टिकते, म्हाताऱ्या बोटांना बटणं सापडतात, आणि मुख्य फोन पाण्यात गेला तरी हा राहतो. घेताना एवढंच बघा की जिओची टू-जी सेवा नाही, त्यामुळे जुन्या धाटणीच्या टू-जी फोनमध्ये जिओचं सिम चालणार नाही. त्यासाठी फोर-जी कीपॅड फोन लागतो. सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. म्हणून डेटा नसलेलं, फक्त कॉल-एसएमएसचं रिचार्ज मारा आणि आठवड्यातून एक फोन आई-बाबांनी त्याच नंबरवरून करायचा, असा शिरस्ता ठेवा.

फायबरच्या फोनबद्दल मात्र फार मोठा गैरसमज आहे. जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजकडून त्याच तारेतून वीज मिळायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. ती आठवण ठेवून लोक फायबरचं कनेक्शन घेतात आणि ‘आता लँडलाइन आहे’ म्हणून निश्चिंत होतात. फायबरमधून उजेड जातो, वीज जात नाही. फायबरची केबल घरात ज्याला जोडतात तो भिंतीवरचा डबा घरच्या विजेवर चालतो; लाइट गेली की फोनही गेला. त्याला लहान १२ व्होल्टचा राउटर-यूपीएस जोडला तर काही तास मिळतात. पण बाहेर खांबावरून आलेली केबल तुटली, डब्यावर लाल दिवा लागला, की यूपीएसचाही उपयोग नाही, आणि जोडणारा माणूस रस्ता उघडल्यावरच येणार. वादळी किनाऱ्यावर, जिथे झाडं पडतात, तिथे मी साधा फोन आणि वेगळ्या टॉवरचं सिम यालाच आधी पैसे घालीन. गावात रेंजच नीट येत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे फायबर हवंच, पण यूपीएससकट.

पॉवर बँक की इन्व्हर्टर?

१०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपास देते. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बाकीचं जातं, त्यात फसवणूक नाही. म्हणजे स्मार्टफोन जेमतेम एकदा भरतो, बटणांचा फोन पाच-सहा वेळा. दोन फोनांतला फरक इथे कळतो. पण पॉवर बँक कपाटात पडून राहिली की हळूहळू उतरते, आणि नेमकी गरज लागते तेव्हा तिचा एकच दिवा लुकलुकत असतो. घरात संकष्टी पाळत असतील तर दर संकष्टीला ती चार्जिंगला लावायची असं ठरवून टाका. पंचांगाइतकी खात्रीची आठवण फोनचा अलार्मही देत नाही.

घरात इन्व्हर्टर आधीच असेल तर नवीन काही घ्यायची गरज नाही, वापरायची पद्धत बदलायची. पंखा आणि टीव्हीवर तो संध्याकाळपर्यंत संपतो. तेच फक्त फोन आणि राउटरपुरता ठेवला तर एक-दोन दिवस जातात. पूररेषेच्या जवळ घर असेल तर तो जमिनीवर ठेवू नका, फळीवर चढवा. नुसत्या फोनसाठी म्हणून मात्र नवा इन्व्हर्टर घेणं मला पटत नाही.

ट्रान्झिस्टर, वॉकी-टॉकी, हॅम

या तिघांची कामं इतकी वेगळी आहेत की एकाऐवजी दुसरं घेताच येत नाही. ट्रान्झिस्टर फक्त ऐकवतो. पण पूर चढत असताना धरणातून किती पाणी सोडलं, कुठला रस्ता बंद झाला, हे कळणं जीव वाचवणारं असतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली तेव्हा तिथल्या लोकांनी दुकानांत बॅटरीच्या रेडिओसाठी रांगा लावल्या होत्या. काही मोबाइलांत एफएम असतं, पण त्याला वायरवाला इअरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. आणि ऐकण्यात चार्जिंग जातं ते वेगळं. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा संच घ्या आणि गावी नेऊन आकाशवाणीचं कुठलं केंद्र लागतं ते ऐकून ठेवा. त्या जागी काट्याशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावला तर अंधारातही आईला शोधत बसावं लागत नाही. सेल मात्र बाहेर काढून सोबत पिशवीत ठेवा. आत राहिले तर पाझरून संच खातात.

वॉकी-टॉकी वाडीसाठी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच भारतात विनापरवाना वापरता येतात. वरच्या वाडीतून खालच्या वाडीत, किंवा घरातून नदीकाठच्या गोठ्यापर्यंत बोलायला ते ठीक. मध्ये डोंगर आला की बंद. मुंबईशी त्यांचा काही संबंध नाही. ऑनलाइन घेताना जपून: परवाना लागणारे संचही सर्रास विनापरवाना म्हणून विकले जातात, आणि २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या.

हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी लोकांचा दूरवर बोलायचा बिनतारी संच. त्याला टॉवर लागत नाही, केबल लागत नाही. गाडीची बॅटरी आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर शेकडो किलोमीटर बोलता येतं. जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम चालवणाऱ्यांनीच निरोप पोहोचवले. पण त्याला परीक्षा आणि केंद्र सरकारचा परवाना लागतो. वयस्कर जोडप्याच्या घरात तो संच नेऊन ठेवणं निरर्थक आहे. वाडीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला परीक्षेला बसवा, वाडीच्या मंडळाने वर्गणीतून संच घ्यावा. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. माझ्या मते गावाच्या पैशाने करण्याजोगं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

सॅटेलाइट फोन

नाही. भारतात त्याला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. अमेरिकेतला भाऊ किंवा भाची येताना गार्मिनचं ‘इनरीच’ हे उपग्रहामार्फत निरोप धाडणारं यंत्र घेऊन येते म्हणाली तर आधीच थांबवा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रामुळे परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली आहे.

वही आणि ठरलेला शब्द

आता बिनखर्चाचं. शंभर पानी वही, बॉलपेन, आणि प्लास्टिकची पिशवी. मुलांचे नंबर, शेजारी, पोलीस पाटील, महावितरणचा वायरमन, तालुक्याचा दवाखाना, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, औषधांची नावं आणि मात्रा. मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. त्याच पिशवीत थोडी रोकड, पन्नास-शंभरच्या नोटांत. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं होतं तेव्हा ना पाऊस होता ना वादळ; पुरात तर एटीएमही बंद असतं.

शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहा. आपत्तीत सगळ्यांनी एकमेकांना फोन न करता एकाच बाहेरगावच्या माणसाला कळवायचं, समजा नागपूरच्या आत्याला. बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. कॉल लागत नसेल तर एसएमएस टाकायचा, गर्दीच्या नेटवर्कवर तो बऱ्याचदा जातो. आणि फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसलं तर दुसऱ्या कोणत्यातरी कंपनीची रेंज आहे असं समजून ११२ लावायचा.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या मुलांनी आपसात ठरवायची: किती तास संपर्क नसला तर काय करायचं. आधी आत्या, मग पोलीस पाटील, मग १०७७ (दुसऱ्या जिल्ह्यातून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी). हे ठरलेलं नसलं की मुलगा रात्री भर पावसात गाडी काढून वरंधा घाटाकडे निघतो, आणि मग गावातल्या दोघांसोबत तिसऱ्याचीही काळजी सुरू होते.

कुणी काय घ्यावं

एकच वस्तू परवडत असेल तर वेगळ्या टॉवरचं सिम घातलेला साधा फोन. नदीकाठचं घर असेल तर त्याच्याबरोबर ट्रान्झिस्टर आणि पॉवर बँक, दोन्ही माळ्यावर. किनाऱ्याजवळ, झाडांत घर असेल तर ट्रान्झिस्टरच्या आधी पॉवर बँक, कारण वादळानंतर वीज यायला आठवडेही लागू शकतात; जवळपास कुणाकडे सोलर असेल तर त्याच्याशी आताच बोलून ठेवा. डोंगरउतारावरच्या वाडीला घरटी खरेदीपेक्षा वॉकी-टॉकीचे चार संच आणि दरडीवर लक्ष ठेवत रात्री जागणारी दोन माणसं जास्त उपयोगी. घरात कुणी इन्सुलिनवर किंवा ऑक्सिजनवर असेल तर यातलं काहीच पुरेसं नाही. त्यांना इशारा येताच तालुक्याच्या गावी हलवायचं, आणि कुणाच्या घरी ते मे महिन्यातच ठरवून वहीत लिहायचं.