गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या ओसरीचं काम: एक पावसाळा काढल्यावर लिहिते

सत्तरी तालुक्यातल्या एका वयस्क मेस्तांनी, म्हणजे गवंड्यांनी, आणि त्यांच्या दोन मुलग्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घराची ओसरी दुरुस्त केली. तेव्हा शेजारणीने विचारलं होतं, कसं झालं काम? मी म्हटलं, गणेशचवथीनंतर सांगते. आता चवथ झाली, तुळशीचं लग्नही झालं. भिंतीला एकही फुगा नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधीची चूक सांगायलाच हवी, कारण जुन्या घरांत ती सर्रास होते. आमचं घर जांभ्या चिऱ्यांचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. २०१९ साली एका ठेकेदाराने दर्शनी भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, वर चकचकीत प्लास्टिक रंग दिला आणि ओसरीवर गुळगुळीत टाइल्स बसवल्या. दोन महिने घर नवंकोरं दिसलं. पहिल्याच पावसात गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले, दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटले. चिरा पाणी पितो आणि जोत्यातून ओल वर चढते. चुना ती ओल बाहेर सोडतो. सिमेंट आणि प्लास्टिक रंग तिला आत कोंडतात. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोंडलेली ओल तेवढ्यात काय करील ते सांगायला नको. टाइल्सचं दुखणं त्याहून मोठं. ओल्या पायाने आत येताना सासूबाई उंबरठ्याशीच घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. त्या दिवशी मी ठरवलं, ही ओसरी बदलायची.

मेस्त पहिल्यांदा आले तेव्हा भिंतीकडे त्यांनी बघितलंही नाही. अंगणात उभे राहून पावळीकडे बघत राहिले. कौलं सरकली होती आणि पागोळी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होती. आधी छप्पर, मग भिंत, एवढंच म्हणाले. मग बोटांच्या पेरांनी गिलावा ठोकत गेले, जिथे पोकळ आवाज आला तिथे कोळशाने खूण केली. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो इथेच. मोडलेल्या मंगळुरी कौलांच्या जागी त्यांनी एका उतरवलेल्या घराची जुनी कौलं आणली, त्यामुळे नवं-जुनं ओळखू येत नाही.

सिमेंट काढल्यावर भिंत तीन आठवडे उघडीच ठेवली. येणारा-जाणारा विचारायचा, काम बंद पडलं काय? भिंत सुकत होती. मग चुन्याचा गिलावा झाला आणि वर चुन्याचे तीन पातळ हात, प्रत्येक वेळी भिंतीवर पाणी मारून. ओला हात अगदी फिका दिसतो. पहिल्या दिवशी माझं मनच खट्टू झालं. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी होत गेली आणि तिसऱ्या हातानंतर सकाळच्या उन्हात जे रूप आलं, ते कुठल्याही डब्यातल्या रंगात मी पाहिलेलं नाही. जोत्याला तांबड्या कावेचा पट्टा दिला आहे. देवळांच्या भिंतींवर असते तशी कावी नक्षी दाराभोवती करता येईल का, असंही मी विचारलं होतं. ती कला आपल्याला येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या कुणी काहीतरी गिरवून दिलं असतं.

जमीन तांबड्या सिमेंटची. चौदा फूट बाय सात फूट ओसरी एका दिवसात घोटून पुरी करावी लागते, नाहीतर सांधा दिसतो. सूर्योदयाला सुरुवात केली ती रात्री नऊला बल्बच्या उजेडात संपली. थोरला मुलगा थापी फिरवत मागे मागे सरकत होता आणि धाकटा त्याच्या गुडघ्यांखालची पोती सरकवत होता. पुढे कडेला मातीचे बांध घालून आठ दिवस पाणी साठवलं, मग नारळाच्या सोडणाने घासून घेतलं. चार फुटांमागे अर्धा इंच ढाळ बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे जुलैतल्या आडव्या पावसातही पाणी उंबरठ्याकडे आलं नाही. सासूबाई आता अनवाणी फिरतात.

सगळ्यात जास्त उपकार मानते ते ओसरीतल्या डावीकडच्या सोप्याबद्दल, म्हणजे बसायच्या बांधीव कट्ट्याबद्दल. मामंजी रोज सकाळी तिथे पेपर वाचायला बसत. चाळीस वर्षांच्या बसण्याने तिथे खोलगट झालं आहे. ठेकेदाराला तो फोडून ग्रॅनाइट बसवायचा होता, मीच अडवलं होतं. मेस्तांनी त्या खोलगट जागेवरून हात फिरवला आणि फक्त सांधे चुन्याने भरले. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

आता उणिवा. पंचवीस दिवस सांगून दीड महिना लागला. शिगम्यात आठ दिवस कुणीच आलं नाही, आणि तसा निरोपही नाही. अंदाज तोंडी, कागदावर काही नाही. चुन्याच्या शिंतोड्यांनी पायरीजवळची अबोली करपली. झाडं आधी झाकून घ्या आणि चुना कालवताना मुलांना लांब ठेवा, डोळ्यांत गेला तर फार वाईट. तांबडा रंग पहिला महिनाभर तळपायाला लागत होता. एका कोपऱ्यात केसाएवढी भेगही गेली आहे. ती वाढलेली नाही, पण आहे. ज्यांना दरवर्षी चुन्याचा हात द्यायचा कंटाळा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

छप्पर, भिंत, जमीन मिळून सामानासकट पंच्याण्णव हजार झाले. त्यातले दहा हजार त्यांनी स्वतःच मागे ठेवायला सांगितले: "पावस सोंपूं दी, उरिल्ले पयशे मागीर दियात." दसऱ्यानंतर आले, भिंतीला तळहात लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मगच पैसे घेतले.

बाकीचं आम्हीच केलं. ट्यूबलाइट काढून पिवळा बल्ब लावला, डिचोलीच्या कुंभारांकडच्या सहा कुंड्या पायऱ्यांवर मांडल्या, वृंदावनाला उरलेल्या चुन्याचा हात दिला. तरीही थोडा चुना उरलाच. तो पिंपात पाण्याखाली ठेवला आहे, मेस्त म्हणाले तसा. जितका मुरेल तितका चांगला, पुढच्या दिवाळीला तोच वापरू.