सकाळची योगा बॅच, घरी व्हिडीओ लावून, की दिवसातले छोटे थांबे? नागपुरात राहणाऱ्यांनी काय धरावं

योगा क्लास लावू का, की घरीच मोबाईल समोर ठेवून करू, की ते मधेमधे दोन मिनिटं थांबून श्वास घ्या म्हणतात तेवढंच पुरे होईल, हा प्रश्न आजकाल ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येते. आणि सांगणारे बहुतेक जण स्वतः जे करून राहिले तेच समोरच्याच्या गळ्यात मारतात. माझं म्हणणं, आधी हे बघा की तुमचा दिवस कोणत्या वेळी बिघडतो. सकाळी उठतानाच कंबर-मान आखडलेली असते का, की सकाळ मस्त जाते पण दुपारी तीननंतर डोकं तापते, की दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून घरी आल्यावर लेकरांवर आवाज चढते? जिथे बिघडते तिथे पोचणारा उपाय धरायचा, बाकी नंतर.

आधी बॅचचं बोलू. नागपूर या बाबतीत खरंच नशीबवान आहे, कारण रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने कित्येक दशकांपासून इथे फुकट योग शिकवायची सवयच लावून दिली. शहरात बगिच्यांमध्ये, देवळांच्या सभागृहांत सकाळी वर्ग भरतात, शिकवणारे बरेचदा रिटायर झालेले काका-काकू असतात, पैशाचा विषय नाही. जनार्दनस्वामींचा भर यथाशक्ति आणि निरंतर यावर होता, म्हणजे जमेल तेवढंच पण रोज, आणि नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं, कारण शेजारचे सत्तरीतले काका पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, आरामात पायाचा अंगठा पकडतात आणि आपला हात पोटरीपर्यंतच जाते तेव्हा ओढाताण करायचा मोह होते.

बॅचचा खरा फायदा म्हणजे कोणीतरी तुम्हाला बघते. ताडासन घ्या, दिसायला काहीच नाही, नुसतं उभं राहून हात वर. पण दहातले आठ जण हात वर नेताना खांदे कानाजवळ नेतात, श्वास अडकवतात, गुडघे मागे ढकलतात, आणि त्यांना वाटते आपलं बरोबर आहे. मग मागून ताई येतात, "खांदे काऊन वर चढवले, सोडा खाली," म्हणतात, दोन बोटं खांद्यावर ठेवतात, आणि जिथे इतकी वर्षं ताण धरून ठेवला होता ती जागा पहिल्यांदा कळते. हे व्हिडीओ करू शकत नाही. म्हणून ज्याने आयुष्यात कधीच योग केला नाही त्याने घरी व्हिडीओ लावून सुरुवात करू नये असं मी स्पष्ट सांगतो. दोन-तीन महिने बॅचला जा, आसनं अंगात बसू द्या, मग घरी व्हिडीओ लावा नाहीतर न लावता करा, काही फरक पडत नाही. लहान लेकरू आहे, घरी आजारी माणूस आहे, बाहेर पडताच येत नाही, अशांसाठी व्हिडीओ ठीक, पण त्यांनी साध्या आसनांवर थांबावं, शीर्षासन-बिर्षासन नको.

आता बॅचची अडचण. एक म्हणजे वेळ ठरलेली असते. दुसरं आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असते, सात वाजता ऊन टोचायला लागते, म्हणून बगिच्यातल्या बॅचला फारच लवकर उठावं लागते आणि रात्री कुलर चालू असूनही झोप नीट न झालेला माणूस गळतो. डिसेंबर-जानेवारीत उलटं, थंडीत रजई सुटत नाही. मिहानमध्ये रात्री उशिरापर्यंत शिफ्ट असणाऱ्याला किंवा बुटीबोरीची बस पहाटे पकडणाऱ्याला सकाळी सहाची बॅच म्हणजे झोप कापून योग करणं झालं, आणि ते मला अजिबात पटत नाही. त्यांनी संध्याकाळचा वर्ग शोधावा, फक्त पोटभर जेवल्यावर तीन-चार तास तरी गेलेले असावे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सकाळी मिळवलेली शांतता दुपारपर्यंत पुरेलच असं नाही. साहेबांचा फोन आला, क्लायंटने काम परत पाठवलं, की खांदे परत कानाजवळ. इथे छोटे थांबे कामाचे, आणि लोक त्यांना फार हलक्यात घेतात म्हणून मी थोडं जास्त बोलतो.

थांबा म्हणजे काय करायचं? खुर्चीत असाल तर दोन्ही पाय जमिनीवर, जबडा सैल, जीभ टाळूपासून सुटलेली. नाकाने चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा, एरवी मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. बाहेर जाणारा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके थोडे मंद होतात, कारण त्या वेळी शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस नर्व्हचं काम वाढते. तीन मिनिटांत फरक जाणवतो, सगळा ताण जात नाही पण उत्तर देण्याआधी थांबायची जागा मिळते. श्वास रोखायचा नाही, चक्कर वाटली तर मोजणं सोडून द्यायचं.

अलार्म लावून थांबे टिकत नाहीत, दोन दिवसांत आपण तो बंद करतो. रोज घडतेच अशा गोष्टीला बांधा. खापरीहून सीताबर्डीला मेट्रोने येता ना, मग छत्रपती चौक ते अजनी चौक एवढं मोबाईल खिशात ठेवून श्वासावर राहा, स्टेशनची घोषणा झाली की संपलं. गाडीवर असाल तर काउंटडाउनवाल्या सिग्नलला डोळे उघडेच ठेवून फक्त हँडलवरची पकड सैल करा आणि दोन-चार लांब श्वास सोडा. घरी असणाऱ्या बायांसाठी कुकरच्या शिट्ट्यांमधली वेळ आहे, ती भांडी आवरण्यात न घालवता उभ्या उभ्या घेता येते. आणि संध्याकाळी घराचं दार उघडायच्या आधी एक मिनिट, हा थांबा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ऑफिसचा राग ज्यांच्यावर निघतो त्या लेकरांचा त्यात काहीच दोष नसतो.

पण थांब्यांनी कंबरदुखी जात नाही, मांडी घालता येत नव्हती ती येत नाही. त्याला आसनंच लागतात. आणि शुगर-वजनाचा प्रश्न असेल तर दोन्ही अपुरे, आठवड्याला 150 मिनिटं झपझप चालणं वेगळं ठेवा, अंबाझरीला जा नाहीतर सेमिनरी हिल्सला.

दहा दिवसांच्या विपश्यना ध्यान-शिबिराबद्दलही विचारतात, माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहेच. पहाटे चारला उठणं, मौन, मोबाईल जमा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं. फी नाही, दानावर चालते. चांगली गोष्ट आहे, पण रोजच्या धावपळीवर पहिला उपाय म्हणून मी ती सांगणार नाही, आणि डिप्रेशन किंवा तशी काही ट्रीटमेंट सुरू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि फॉर्ममध्ये लपवू नका.

मग धरायचं काय? अंग आखडते, वय चाळीसच्या पुढे, सकाळ मोकळी, एकटं वाटते, तर बॅच, डोळे झाकून. तिथल्या ओळखी हाही मोठा आधार असतो, रिटायर झालेल्यांना तर फारच. नोकरी शिफ्टची, अभ्यास स्पर्धा परीक्षेचा, किंवा राग-धडधड दुपारीच, तर आधी थांबे, दिवसाला तीन, आणि बॅच रविवारी. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा, पण एकाच आठवड्यात दोन्ही सुरू करू नका, एक मुरलं की दुसरं. बीपी जास्त, काचबिंदू, हर्निया, स्लिप डिस्क किंवा गरोदरपण असेल तर बॅचच्या पहिल्या दिवशीच शिकवणाऱ्यांना सांगा, कारण कपालभाती आणि डोकं खाली जाणारी आसनं अशा लोकांना वगळावी लागतात, आणि स्लिप डिस्कवाल्यांनी पुढे वाकणं डॉक्टरांना विचारूनच करावं.