जनुकीय समुपदेशन: पाऊण तास, पण कामाचा

हिमोग्लोबिन कायम 10च्या आसपास, म्हणून मी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) मात्र नॉर्मल! शेवटी एचबीए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) निघालं 5.2 टक्के, नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे बीटा थॅलेसेमिया मायनर: या आनुवंशिक रक्तविकाराची मी वाहक. समुपदेशक बाईंनी कागदावर 11व्या गुणसूत्राची जोडी काढली आणि एका दांडीवर फुली मारली, म्हणजे सदोष जनुक तिथं. नवराही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही. हे त्यांनी चक्क दोन नाणी उडवून पटवलं. (माझा जीव तिथेच अर्धा खाली बसला.) लेखी अहवाल मात्र अगम्य, नुसती संक्षेपांची गर्दी. फुलीवाला कागदच मी फाइलीत वरती लावलाय. नवऱ्याची तपासणी सोमवारी.