स्टारक्राफ्ट २ मधले झर्ग: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

स्टारक्राफ्ट २ या संगणकावरच्या युद्धखेळात तीन जमाती आहेत: माणसांची टेरन, परग्रहवासी प्रोटॉस आणि किड्यांची झुंड असलेले झर्ग. झर्ग निवडणारा नवा खेळाडू बहुधा एकाच चित्राच्या ओढीनं येतो: नखं आणि सुळेवाल्या किड्यांची लाट, समोर शत्रूचा तळ, आणि लाट ओसरल्यावर तिथे काहीच शिल्लक नाही. ख्यातीच तशी आहे. १९९८ साली पहिला स्टारक्राफ्ट आला आणि 'झर्ग रश' (सुरुवातीलाच झुंडीनं केलेला हल्ला) हे शब्द हळूहळू खेळाबाहेरही गेले. २०१२ मध्ये तर गूगलवर हे शब्द शोधले की 'ओ' अक्षरांची झुंड येऊन शोधाचे निकाल कुरतडून टाकायची, अशी गंमत केलेली होती. लॅडर (क्रमवारीचे ऑनलाइन सामने), मोहीम (कथेतून पुढे जाणारा खेळ) आणि को-ऑप (जोडीदाराबरोबर संगणकाविरुद्ध) अशा तिन्हीकडे काही महिने फक्त हीच जमात खेळल्यावर माझं मत मात्र वेगळं झालंय. लढाईसाठीच जन्मलेली म्हणून गाजलेली ही जमात चालवताना बहुतेक वेळ सैन्य न काढण्यात जातो. ते कुठवर काढायचं नाही, हे ओळखण्यातच सगळी मेख आहे.

याचं कारण लार्व्हा, म्हणजे अळी. टेरन खेळणाऱ्याचं कमांड सेंटर कामगार काढत असतं आणि त्याच वेळी शेजारचं बॅरॅक्स मरीन नावाचे सैनिक काढत असतं. एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. प्रोटॉसचंही जवळपास तसंच. झर्गांकडे मात्र हॅचरी, म्हणजे तळाची मुख्य इमारत, साधारण दर ११ सेकंदांनी एक लार्व्हा देते आणि तीन साचले की थांबते. खनिज आणणारा ड्रोन, सप्लाय (किती प्राणी ठेवता येतील ती मर्यादा) वाढवणारा ओव्हरलॉर्ड, लढणारे झर्गलिंग आणि रोच, थेट हत्तीएवढा अल्ट्रालिस्क, सगळे याच लार्व्हातून निघतात. क्वीन तेवढी अपवाद, ती हॅचरीतून थेट येते. म्हणजे प्रत्येक लार्व्हामागे तोच प्रश्न: कमावणारा हवा की मारणारा?

आकडे लहान आहेत, म्हणून ते फसवतात. एक लार्व्हा आणि ५० खनिज यांत दोन झर्गलिंग येतात. तेवढ्यातच एक ड्रोन येतो. झर्गलिंगची प्राणशक्ती ३५, समोरच्या साध्या मरीनची ४५, आणि तो लांबून गोळ्या घालतो. ती दोन पिलं नेमक्या वेळी नेमक्या जागी पोचली नाहीत तर त्यांचा उपयोग शून्य. ड्रोन मात्र साधारण मिनिटाभरात स्वतःची किंमत फेडतो आणि पुढे सामना संपेपर्यंत कमावत राहतो. त्यात आणखी एक मेख: झर्गांची इमारत कोणी बांधत नाही, ड्रोन स्वतःच तिच्यात रूपांतरित होतो आणि परत येत नाही. झर्गलिंगसाठी लागणाऱ्या स्पॉनिंग पूलचे २०० खनिज दिसतात. त्यात गेलेला कामगार दिसत नाही. त्यामुळे बारा कामगारांनी सुरू झालेला सामना पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ कंजूसपणाचा वाटतो. जिथे भीतीपोटी चार झर्गलिंग काढावेसे वाटतात तिथे दोन ड्रोन काढायचे, आणि समोरचा निघालाय हे दिसताक्षणी साचलेले सगळे लार्व्हा एका दमात सैन्यात घालायचे. एकाच वेळी सगळी अंडी फुटतात तो क्षण इतर दोन्ही जमातींना नाही. त्यांना सैन्य रांगेत उभं करावं लागतं. झर्गांना ते ठरवावं लागतं.

पण ठरवण्यासाठी दिसायला हवं, आणि इथे ही जमात मला सगळ्यात जास्त आवडली. ओव्हरलॉर्ड हा फुगलेल्या पोटाचा, हवेत तरंगणारा, अतिशय हळू आणि पूर्ण निःशस्त्र प्राणी. शंभर खनिजांत आठ सप्लाय देतो, हे त्याचं अधिकृत काम. खरं काम म्हणजे नकाशाच्या कडांवर लटकून पाहत राहणं. सुरुवातीचा ओव्हरलॉर्ड कुठे पाठवला आणि दुसरा कुठे, यावर पुढची पाच मिनिटं ठरतात. शिवाय क्रीप. जमिनीवर पसरत जाणारा हा जांभळट थर झर्गांच्या बहुतेक प्राण्यांना ३० टक्के जास्त वेग देतो, आणि त्यावर पाऊल ठेवणारा शत्रू लगेच दिसतो. क्रीप पसरवणारी गाठ, म्हणजे क्रीप ट्युमर, एकदा पुढे सरकवला की तो आणखी एक ट्युमर टाकतो, तो पुढचा, असं करत चांगला खेळाडू अर्धा नकाशा आपल्या अंगणासारखा करून टाकतो. मला क्रीप पसरवणं लढाईपेक्षा जास्त समाधान देतं, हे कदाचित माझ्या स्वभावाबद्दल जास्त सांगतं.

कंटाळवाणा भागही आहे, आणि तो टाळता येत नाही. क्वीननं २५ ऊर्जा खर्चून हॅचरीला इंजेक्ट केलं की २९ सेकंदांनी तीन जादा लार्व्हा मिळतात. ते करत राहायचं. लढाई चालू असताना, स्फोटक बेनलिंग फुटत असताना, हरत असतानाही. आता इंजेक्ट रांगेत लावता येतात, त्यामुळे एखादा चुकला तर आकाश कोसळत नाही. तरी तीन तळांवरच्या तीन क्वीन सांभाळणं म्हणजे दुधाच्या तीन पातेल्यांवर एकदम लक्ष ठेवणं. ज्यांना प्रत्येक सैनिकाच्या हालचालीत मजा येते त्यांनी टेरन घ्यावं, मनापासून सांगतो.

रशबद्दल थोडक्यात. हो, बारा कामगारांवरच पूल टाकून झर्गलिंग सोडता येतात आणि खालच्या लीगमध्ये त्यानं सामने जिंकताही येतात. पण समोरच्यानं वाट अडवली की तुमच्याकडे ना सैन्य उरतं ना कमाई, आणि पुढचा सामना नुसता ओढत न्यायचा. काही आठवडे रश करून वर गेलेला खेळाडू जिथे अडकतो तिथून त्याला बाकी सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

आता कथेतल्या झर्गांबद्दल, कारण त्यांची युद्धखोर संस्कृती म्हणून जे काही आहे ते तिथे सापडतं. झेरस हा त्यांचा मूळ ग्रह. तिथून निघालेली झुंड ओव्हरमाइंडच्या एकाच मनानं चालायची. पुढे माणसांतून झर्ग झालेली केरिगन तिची राणी बनते. २०१३ ची हार्ट ऑफ द स्वॉर्म ही मोहीम तिच्या बाजूनं खेळायचं. कथेतले झर्ग हवे असतील तर पहिल्यांदा हीच मोहीम खेळा. यात झुंडीला ना पदकं आहेत, ना शौर्यगीतं, ना शरणागती, ना मेलेल्यांचा शोक. आहे ते फक्त पुढचं रूप. उत्क्रांतीचा कारागीर अबाथुर तुटक, क्रियापदं गाळलेल्या वाक्यांत बोलतो आणि प्रत्येक जिवाकडे दुरुस्त करायच्या नमुन्यासारखं पाहतो. तो एकाच प्राण्याची दोन रूपं छोट्या प्रसंगांतून दाखवतो आणि त्यांतलं एक कायमचं निवडायला लावतो. झर्गलिंगचं एक रूप कड्यांवर उड्या मारतं. दुसऱ्यात एका अंड्यातून दोनाऐवजी तीन निघतात. उड्या मारणारं दिसायला भारी आहे. मी तीनवालं घेतलं, आणि आजही तेच घेईन.

त्याच मोहिमेत झेरसवर मागे राहिलेले आदिम झर्ग भेटतात, आणि मला तेच खरे लढवय्ये वाटले. त्यांना एक मन नाही. प्रत्येकजण स्वतंत्र, प्रत्येकाचं स्वतःचं डोकं. मारायचं, खायचं, खाल्लेल्याचं सत्त्व अंगात घ्यायचं आणि मोठं व्हायचं. टोळीप्रमुख तोच, ज्याला अजून कोणी खाल्लेलं नाही. त्यांच्यातला डेहाका केरिगनबरोबर येतो तो निष्ठेपोटी नाही, तिच्यामागे गेलं तर जास्त सत्त्व मिळेल म्हणून. केरिगनच्या झुंडीत सैनिकाला मत नसतं. या टोळीत मत असलेला प्रत्येकजण रोज ते दातांनी सिद्ध करत असतो. लेखकांनी हा फरक आणखी ताणायला हवा होता. काही टप्प्यांनंतर तो मागे पडतो आणि कथा पुन्हा केरिगनच्या सूडाकडे वळते. तिथे माझा रस बराच कमी झाला.

कथा आणि सामना यांत एक विसंगतीही आहे, आणि मला ती गमतीची वाटते. मोहिमेतली राणी आघाडीवर लढते, हुकूम देते, ग्रह उद्ध्वस्त करते. लॅडरवरची क्वीन म्हणजे दाई: अंडी वाढवायची, क्रीप पसरवायचा, जखमी प्राण्यावर उपचार करायचे. खऱ्या कीटकांकडे पाहिलं तर दुसरीच जास्त पटते. मुंग्यांची राणी कोणाला हुकूम देत नाही. ती अंडी घालते आणि वसाहत आपापली चालते. मधमाश्यांत तीच मादी अळी राणी होणार की कामकरी, हे तिला काय खाऊ घातलं जातं यावर ठरतं. फेइडोले जातीच्या मुंग्यांत तर याहून पुढची गोष्ट आहे: वसाहतीत सैनिक पुरेसे झाले की त्यांच्याच अंगच्या रसायनामुळे आणखी अळ्या सैनिक होण्यापासून रोखल्या जातात. कित्येक वाळवींच्या सैनिकांचे जबडे लढाईसाठी इतके वाढलेले असतात की त्यांना स्वतःचं खाणंही जमत नाही, कामकऱ्यांनी भरवावं लागतं. प्रत्येक सैनिक म्हणजे पोसायचं एक तोंड. हे वाचल्यावर ड्रोन आणि झर्गलिंगमधला तो प्रश्न मला खेळाची युक्ती वाटेनासा झाला.

बेनलिंगचंही तसंच. हिरव्या आम्लानं भरलेला हा गोळा शत्रूच्या घोळक्यात घुसून फुटतो आणि स्वतः मरतो. दाटीनं उभे असलेले मरीन क्षणात नाहीसे होतात. अतिशयोक्ती वाटते, पण बोर्निओत २०१८ मध्ये नोंदवलेली कोलोबॉप्सिस एक्सप्लोडेन्स ही मुंगी शत्रू अंगाशी आला की स्वतःचं पोट फोडून चिकट पिवळा द्रव त्याच्यावर उडवते. फ्रेंच गयानातल्या एका वाळवीत वय झालेल्या कामकरी पाठीवर निळे स्फटिक साठवतात, आणि हल्ला झाला की त्याच फुटून जातात. ज्यांच्याकडून आता काम होत नाही त्यांना पुढे करायचं. झुंडीचा हिशोब असाच निर्दयी असतो, आणि बेनलिंग सोडताना तो हिशोब तुम्हाला करावा लागतो: वीस फोडून समोरचे किती जातील, आणि मागून येणारे लार्व्हा किती आहेत.

बरोबरीचा खेळाडू समोर असेल तर दोन गोष्टी खटकतात. पहिली, मोठ्या तोफांच्या आणि भिंतींच्या मागे बसलेल्या शत्रूला हलवणं फार अवघड जातं. झर्गांची ताकद मोकळ्या मैदानात चहूबाजूंनी घेरण्यात आहे. अरुंद वाटेत तीच लाट रांगेत उभी राहून मरते. दुसरी, हरलेला सामना कुठे हरलो हे लगेच दिसत नाही. टेरनची चूक लढाईत दिसते, झर्गांची चूक चार मिनिटं आधी लार्व्हा खर्चताना झालेली असते. रिप्ले, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, पाहिल्याशिवाय सुधारणा होत नाही, आणि रिप्ले पाहायचा कंटाळा असेल तर ही जमात वैताग देईल.

वरच्या पातळीवर हे कसं दिसतं ते पाहायचं असेल तर सेराल, म्हणजे फिनलंडचा योना सोताला, याचे सामने पाहा. २०१८ मध्ये डब्ल्यूसीएस या स्टारक्राफ्टच्या जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगर-कोरियन खेळाडू, आणि २०२२ व २०२४ मध्ये पोलंडमधल्या काटोवित्सेची मोठी स्पर्धाही त्यानं झर्गांनीच जिंकली. त्याच्या सामन्यात पाहण्यासारखं असतं ते हल्ल्याआधीचं: समोरचा येतोय याची खात्री होईपर्यंत तो ड्रोन काढत राहतो आणि बचावाला लागतं त्याहून फारसं जास्त काही काढत नाही.

खेळ घ्यायचा म्हणाल तर २०१७ पासून लॅडर आणि पहिली मोहीम मोफत आहे; हार्ट ऑफ द स्वॉर्म विकत घ्यावं लागतं. ज्यांना नुसत्या लाटेचीच हौस आहे त्यांनी को-ऑपमध्ये झगारा ही झर्ग सेनापती घ्यावी. तिची सैन्यमर्यादा दोनशेऐवजी शंभर आहे, पण झर्गलिंग आणि बेनलिंग इतक्या वेगानं भरून येतात की मेलेले मोजायची गरजच पडत नाही. लॅडरवर उतरायचं असेल तर आधी संगणकाविरुद्ध खेळा आणि एकच लक्ष्य ठेवा: तीन तळ आणि ६६ ड्रोन, म्हणजे प्रत्येक तळावर खनिजाला १६ आणि गॅसला ६. ते होईपर्यंत मरणार नाही एवढंच सैन्य काढा. मग हायड्रालिस्क काढायचे की म्युटालिस्क, यावर वाद घालायला बराच वेळ आहे.